टॉप स्पीडसाठी गाडी तयार करताना: आधी मोजमाप, मग गिअर, शेवटी ट्यूनिंग

एअरस्ट्रिपवर टॉप स्पीड काढायचा ठरला की बहुतेक जण पहिला फोन ट्यूनरला करतात. ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) रिमॅप होतो, डायनोवर (पॉवर मोजणाऱ्या यंत्रावर) पीक पॉवरचा आकडा हातात येतो, मग कोणीतरी सुचवलं म्हणून क्राऊन-पिनियन (चाकांकडे जोर नेणारी शेवटची गिअर-जोडी, म्हणजेच फायनल ड्राइव्ह) बदललं जातं. स्ट्रिपवर मात्र गाडी एकतर टायमिंग लाइनच्या आधीच लिमिटरला (आरपीएमच्या कमाल मर्यादेला) लागते, नाहीतर टॉप गिअर टाकल्यावर वेग वाढायचाच थांबतो. यात ट्यूनरचा दोष क्वचितच असतो. कामाचा क्रमच उलटा झालेला असतो. इंजिनाला कोणत्या आरपीएमवर किती वेळ राबायचं आहे, हे गिअर ठरवतो. गिअर कोणता हवा, हे स्ट्रिपची लांबी आणि हवेचा विरोध ठरवतात. त्यामुळे ट्यूनिंगचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो.

हिशेबासाठी पुढे सगळीकडे एकच गाडी धरली आहे: टर्बो नसलेली पेट्रोल सेडान, ड्रायव्हरसकट वजन १२५० किलो, चाकांवर मोजलेली पॉवर १२० किलोवॅट (सुमारे १६० बीएचपी), पीक पॉवर ६६०० आरपीएमवर, लिमिटर ७००० वर, टायर २०५/५५ आर१६. तुम्ही तुमच्या गाडीचे आकडे घाला.

## टप्पा १: कुठे पळायचं ते नक्की करा

लँड स्पीड (जमिनीवरचा सर्वोच्च वेग) म्हटलं की डोळ्यांसमोर अमेरिकेतल्या बॉनव्हिलचं मिठाचं मैदान येतं. तिथला लांब ट्रॅक पाच मैलांचा, कॅलिफोर्नियातल्या एल मिराजच्या कोरड्या तळ्यावरचा १.३ मैलांचा. आपल्याकडे मिळते ती बंद एअरस्ट्रिप, आणि तीही बहुधा पाव किंवा अर्ध्या मैलाची. या वेगवेगळ्या अंतरांसाठी एकाच गाडीला वेगवेगळे फायनल ड्राइव्ह लागू शकतात. म्हणून आयोजकांकडून तीन गोष्टी लेखी घ्या: सुरुवातीपासून टायमिंग लाइनपर्यंतचं अंतर, त्यापुढे थांबायला उरणारं अंतर, आणि वेग एका बिंदूवर मोजतात की ठरावीक लांबीवरची सरासरी काढतात.

थांबायचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं. मध्यम ब्रेकिंगवर, म्हणजे अर्धा जी (गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाच्या निम्मं) धरून, ताशी १८० किमीवरून थांबायला सुमारे २५५ मीटर लागतात. ताशी २३८ वरून तेच ४४५ मीटरच्या आसपास जातात. ड्रायव्हरने ब्रेकवर पाय ठेवेपर्यंतचं अंतर यात धरलेलं नाही. उरलेली जागा या आकड्याच्या दुप्पट नसेल तर लक्ष्य खाली आणा.

सावधान: अटल सेतू, कोस्टल रोड, एक्स्प्रेस वे यांपैकी कुठेही, पहाटे तीन वाजताही, चाचणी करायची नाही. राज्य सरकारच्या लेखी परवानगीशिवाय रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी घेणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. त्याहून मोठं कारण म्हणजे त्या रस्त्यावर इतर माणसं असतात. या लेखातली प्रत्येक चाचणी बंद जागेत किंवा डायनोवर करायची आहे. गाडीत बदल केले असतील तर ती स्ट्रिपपर्यंत ट्रेलरवर न्या.

## टप्पा २: चार आकडे स्वतः मोजा

ब्रोशर, नेट आणि मित्र या तिन्हींचे आकडे बाजूला ठेवा.

१. वजन. ड्रायव्हर, हेल्मेट, फायर एक्स्टिंग्विशर आणि शर्यतीच्या वेळी टाकीत असेल तेवढं पेट्रोल, हे सगळं धरून वजनकाट्यावर गाडी चढवा.

२. टायरचा प्रत्यक्ष घेर. साइडवॉलवरच्या आकड्यांवरून २०५/५५ आर१६ चा घेर सुमारे १.९८ मीटर येतो. पण वजनाखाली टायर दबतो, त्यामुळे एका फेरीत गाडी त्याहून कमी सरकते. शर्यतीच्या दिवशीची हवा भरा, ड्रायव्हर आत बसवा, टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करा, गाडी ढकलून चाकाच्या दहा फेऱ्या पूर्ण करा, टेपने अंतर मोजा आणि दहाने भागा. आपल्या गाडीसाठी १.९३ मीटर धरू. दोन टक्क्यांची चूक इथे झाली तर वेगाच्या हिशेबात ताशी चार-पाच किलोमीटर सहज इकडेतिकडे होतात.

३. चाकांवरची पॉवर, पूर्ण आलेखासकट. एकटा पीक आकडा निरुपयोगी आहे. ४००० पासून लिमिटरपर्यंत दर २५० आरपीएमवर किती पॉवर मिळते ते लिहून घ्या. डायनोवाल्याला विचारा, करेक्शन (हवामानानुसार आकड्यात केलेली दुरुस्ती) कोणतं लावलं आहे. एसएई जे१३४९ पद्धत २५ अंश आणि ९९० हेक्टोपास्कल कोरड्या हवेवर आकडा नेते. दुसऱ्या पद्धती थंड आणि दाट हवा धरतात व आकडा फुगवून दाखवतात. आपल्याला करेक्शन काढलेला, त्या दिवशी खरोखर मिळालेला आकडा हवा. मुंबईच्या ३२ अंशांच्या दमट हवेत पाण्याची वाफच हवेच्या दाबातला सुमारे ३ टक्के वाटा खाते, आणि ती इंजिनात जळत नाही.

४. हवेचा आणि टायरांचा विरोध. हे मोजमाप बहुतेक जण टाळतात, आणि पुढचे सगळे गोंधळ इथूनच सुरू होतात. त्याला विंड टनेल लागत नाही. सपाट बंद स्ट्रिपवर गाडी ताशी १३५ वर न्या, न्यूट्रल करा, आणि १३० वरून १२० वर यायला किती सेकंद लागतात ते जीपीएस लॉगरवर मोजा. मग तसंच ५० वरून ४० वर येताना मोजा. वारा आणि उतार रद्द व्हावा म्हणून दोन्ही दिशांना किमान तीन-तीन वेळा करा आणि सरासरी घ्या.

समजा वरच्या टप्प्यात ५.७ सेकंद लागले आणि खालच्या टप्प्यात १४.९. चाकं व शाफ्ट फिरत असतात, त्यांच्यासाठी वजनात ४ टक्के वाढवा: १३०० किलो. दर वेळी वेग ताशी १० किमीने, म्हणजे सेकंदाला २.७८ मीटरने घटला. मग सरासरी १२५ किमीला विरोध झाला १३०० × २.७८ ÷ ५.७ = ६३४ न्यूटन; ४५ किमीला १३०० × २.७८ ÷ १४.९ = २४२ न्यूटन. टायरांचा विरोध दोन्हींकडे जवळपास सारखा असतो, म्हणून ३९२ न्यूटनचा फरक हवेचा. तो दोन वेगांच्या वर्गांतल्या फरकाने (मीटर प्रति सेकंदात १२०५ वजा १५६) भागला की ०.३७४ मिळतं. हा तुमच्या गाडीचा हवा-गुणक. ४५ किमीच्या २४२ मधून हवेचा वाटा, म्हणजे ५८, वजा केला की टायरांचा विरोध १८४ न्यूटन उरतो.

तपासणी: मोटरसायकल असेल तर ही चाचणी रायडर टाकीवर पूर्ण झोपलेल्या अवस्थेत करा. सरळ बसून काढलेला आकडा शर्यतीच्या दिवशी काहीच कामाचा नाही. चारचाकीत काचा बंद, आरसे आणि टेपिंग शर्यतीसारखंच हवं.

## टप्पा ३: गाडी कुठवर जाऊ शकते ते काढा

लागणारी पॉवर (वॅट) = ०.३७४ × वेगाचा घन + १८४ × वेग. वेग मीटर प्रति सेकंदात.

ताशी २०० किमीला (५५.६ मी/से) ७४ किलोवॅट लागतात. ताशी २१६ ला ९२ किलोवॅट. ताशी २३८ ला (६६ मी/से) जवळपास १२० किलोवॅट, म्हणजे आपल्याकडे आहे तेवढी सगळी. रस्ता कितीही लांब असला तरी ही गाडी २३८ च्या पुढे जाणार नाही. हवेचा वाटा घनाने वाढतो, म्हणून त्या टोकाला वेग एक टक्का वाढवायला पॉवर सुमारे तीन टक्के वाढवावी लागते. याच कारणाने पाच बीएचपीसाठी एक्झॉस्टवर खर्च करण्याआधी गाडी खाली घेणं, खालून पत्रा लावणं, पुढच्या फटी टेपने बंद करणं, यांचा विचार करा.

आता अर्ध्या मैलाची (८०५ मीटर) स्ट्रिप घ्या. याच वजनाची आणि पॉवरची गाडी, गिअर बदलताना जाणारा वेळ धरून, तिथे साधारण ताशी १८० पर्यंतच पोहोचते. २३८ चं गणित त्या दिवशी कागदावरच राहतं. बहुतेकांचा गिअर चुकतो तो याच ठिकाणी, कारण ते २३८ साठी गिअर लावतात आणि १८० वर शर्यत संपते.

उंचीचाही प्रश्न इथेच सोडवून टाका. लोणावळ्याच्या बाजूला, जिथे ॲम्बी व्हॅलीच्या एअरस्ट्रिपवर ड्रॅग रेसिंगच्या स्पर्धा झाल्या आहेत, तिथे आपण समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर असतो आणि हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे ७ टक्क्यांनी कमी भरतो. टर्बो नसलेल्या इंजिनाची पॉवर तेवढीच घटते आणि हवेचा विरोधही तेवढाच घटतो. अंतिम वेग जवळपास तोच राहतो, पण तिथवर पोहोचायला जास्त अंतर लागतं. टर्बो इंजिनात बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) टिकवता आला तर उंची फायद्याची ठरते. बॉनव्हिल सुमारे १२८६ मीटरवर आहे. तिथे हाच परिणाम दुपटीने दिसतो.

## टप्पा ४: रेशो निवडा

सूत्र एकच: वेग (किमी/तास) = आरपीएम × घेर (मीटर) × ०.०६ ÷ एकूण रेशो. एकूण रेशो म्हणजे त्या गिअरचा रेशो गुणिले फायनल ड्राइव्हचा. मोटरसायकलमध्ये प्रायमरी रेशोही गुणा. तो विसरला की उत्तर भलतंच येतं.

यात घसरण मिळवा. जोर लावणारं चाक जमिनीपेक्षा थोडं जास्त फिरतंच. चांगल्या डांबरावर २ टक्के धरा. मिठावर ती कितीतरी जास्त असते, कधीकधी १० टक्क्यांच्याही वर जाते. म्हणूनच तिथे वजन कमी करण्याऐवजी उलट शिशाच्या लाद्या बसवतात.

लांब ट्रॅकसाठी. २३८ किमीला चाक २ टक्के जास्त, म्हणजे २४२.८ च्या हिशेबाने फिरेल. पीक पॉवर ६६०० वर. एकूण रेशो = ६६०० × १.९३ × ०.०६ ÷ २४२.८ = ३.१५. फायनल ३.९४ आणि पाचवा ०.८० असेल तर गुणाकार नेमका ३.१५ येतो. आता कोणी पिकअप वाढेल म्हणून ४.३० चं क्राऊन-पिनियन बसवलं, तर एकूण ३.४४ होतो आणि गाडी ताशी २३१ ला लिमिटरवर थांबते. पॉवर शिल्लक असूनही सात किलोमीटर गेले.

अर्ध्या मैलासाठी. १८० ला चौथ्या गिअरमध्येच (१.०३) शर्यत संपवायची आहे, पाचवा टाकायचाच नाही. ३.९४ वर त्या वेळी इंजिन ६४३४ आरपीएमवर असेल. ४.१० वर ६६९५ वर असेल आणि आधीचे सगळे गिअरही थोडे शॉर्ट (रेशो मोठा, जोर जास्त, वेग कमी) होतील. हा चांगला पर्याय. ४.३० वर मात्र लिमिटर १७९ लाच लागेल आणि शेवटच्या काही मीटरांत एक अख्खा गिअर बदलावा लागेल. शॉर्ट गिअरचा फायदा लिमिटरच्या अलीकडेच संपतो. म्हणून पीक पॉवरच्या शंभर-दोनशे आरपीएम पुढे लाइन ओलांडेल असा रेशो घ्या. मागून वारा मिळाला तर ती जागा उपयोगी पडते.

गिअर बदलल्यावर इंजिन कुठे पडतं ते पाहा. लांब ट्रॅकवर याला सगळ्यात जास्त महत्त्व आहे, आणि गॅरेजमध्ये यावर सगळ्यात कमी बोललं जातं. चौथ्यात ७००० वर आपण ताशी १९६ ला असतो. तिथे विरोध ७० किलोवॅट खातो. पाचवा ०.८० असेल तर आरपीएम ५४३७ वर येतात. आलेखात तिथे १०४ किलोवॅट दिसत असतील तर ३४ शिल्लक राहतात, आणि वेग सेकंदाला ताशी १.७ किमीने वाढत राहतो. पाचवा ०.६५ चा असेल, मायलेजसाठी कंपन्या देतात तसा, तर आरपीएम ४४१७ वर कोसळतात. तिथे ८० किलोवॅट मिळत असतील तर उरले फक्त १०. वेग सेकंदाला ताशी अर्ध्या किलोमीटरने वाढतो. ड्रायव्हरला वाटतं इंजिन दमलं. दमलेलं काही नसतं, दोन गिअरांमधली दरी मोठी असते. अशा गाडीत पाचवा विसरा आणि चौथ्याला हिशेबात बसेल असा फायनल शोधा.

मोटरसायकलवाल्यांसाठी हे काम स्वस्त आहे. पुढच्या स्प्रॉकेटचा एक दात (१४ चे १५) म्हणजे ७ टक्के बदल, मागच्याचा एक दात (४५ चे ४४) म्हणजे २ टक्क्यांच्या जरा वर. ठोकळ बदल पुढे करा, बारीक बदल मागे. दोन-तीन मागची स्प्रॉकेट आणि त्यांना पुरेल अशी चेन बरोबर न्या.

तपासणी: वहीत चार ओळी लिहा: लाइनवरचा अपेक्षित वेग, त्या वेळचे आरपीएम, शेवटचा गिअर टाकल्यावर पडणारे आरपीएम, तिथे शिल्लक पॉवर. चारही लिहिता येत नसतील तर अजून काहीही विकत घेऊ नका.

## टप्पा ५: गिअरबॉक्स आणि फायनल ड्राइव्ह बसवणं

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने गिअरबॉक्स मिळतात आणि त्यातून हवा तो फायनल निघतोही. पण एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या वर्षांच्या गाड्यांत फायनल वेगळा असतो, त्यामुळे दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. दात मोजा. मोठ्या चक्राचे दात भागिले पिनियनचे दात, झाला रेशो. क्राऊन आणि पिनियन जोडीनेच घ्या. फॅक्टरीत ते एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. एक इथलं, एक तिथलं असं बसवलं तर आवाज करेल, तापेल आणि पूर्ण लोडवर दात सोडेल.

मागच्या चाकांना जोर देणारी गाडी असेल तर क्रम असा ठेवा: पिनियनची खोली, पिनियन बेअरिंगचा प्रीलोड (आधीच दिलेला ताण), मग बॅकलॅश (दातांमधली मोकळीक), मग दातांवर निळा रंग लावून ठसा. ठसा दाताच्या मध्यावर हवा. बॅकलॅश डायल गेजने मोजा आणि मॅन्युअलमधल्या मर्यादेत बसवा. अनुभवी मिस्त्रीचा हात हलवून घेतलेला अंदाज रोजच्या गाडीला पुरतो, इथे नाही.

सावधान: नवीन क्राऊन-पिनियनला पहिल्याच दिवशी फुल थ्रॉटल देऊ नका. पंधरा-वीस मिनिटं हलक्या लोडवर चालवा, पूर्ण थंड होऊ द्या, पुन्हा करा, मग ऑइल बदला. काढलेल्या ऑइलमध्ये बारीक राखाडी लेप चालतो. चमकणारे कण दिसले तर पुन्हा उघडा.

फायनल बदलल्यावर काही गाड्यांचा स्पीडोमीटर आणि ईसीयूला जाणारा वेगाचा सिग्नल चुकतो. ईसीयूमध्ये वेगमर्यादा असेल तर ती चुकीच्या वेगाला लागते. ट्यूनिंगला बसण्याआधी हे दुरुस्त करा.

टायरचा स्पीड कोडही आत्ताच पाहा: एच ताशी २१० किमी, व्ही २४०, डब्ल्यू २७०, वाय ३००. आपल्या २३८ च्या गाडीला व्ही काठावरचा ठरतो, डब्ल्यू घ्या. साइडवॉलवरचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. जुना टायर खोबणी कितीही शाबूत असली तरी नको, आणि पंक्चर काढलेला तर मुळीच नको.

## टप्पा ६: ट्यूनिंगच्या आधी इंजिनाची तब्येत

आजारी इंजिन ट्यून करणं म्हणजे दोष ईसीयूच्या नकाशात लपवणं. कॉम्प्रेशन सगळ्या सिलिंडरमध्ये एकसारखं आहे का, लीक-डाउन (सिलिंडरमधून होणारी गळती) किती, हेड गॅस्केटमधून कूलंटमध्ये बुडबुडे येतात का, ऑइलचा दाब गरम इंजिनावर टिकतो का, हे पाहा.

मग पेट्रोलचा पुरवठा. चाकांवर १२० किलोवॅट म्हणजे इंजिनावर साधारण १४०. पूर्ण लोडवर अशा इंजिनाला तासाला ४३ किलोच्या आसपास, म्हणजे ५८ लिटर पेट्रोल लागतं. पंपावर छापलेला आकडा मोकळ्या प्रवाहाचा असू शकतो. आपल्याला रेलच्या (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीच्या) दाबावर आणि इंजिन चालू असतानाच्या व्होल्टेजवर किती मिळतं ते हवं. रिटर्न लाइन मोजपात्रात सोडून मोजा, आणि गरजेपेक्षा किमान एक चतुर्थांश जास्त मिळायला हवं. हे काम उघड्यावर, ठिणगीपासून दूर, एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवूनच करा. ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) वापरत असाल तर तेवढ्याच हवेला सुमारे ८ टक्के जास्त इंधन लागतं. इंजेक्टरची ड्यूटी सायकल (एकूण वेळेपैकी तो उघडा राहण्याचा वाटा) ८५ टक्क्यांच्या वर जाता कामा नये.

## टप्पा ७: ट्यूनिंग

आता आपल्याला माहीत आहे की इंजिन ५४०० ते ६७०० च्या पट्ट्यात राबणार आहे. सगळी मेहनत तिथे घाला. ३००० वरचा टॉर्क कितीही सुंदर केला तरी स्ट्रिपवर तो वापरला जाणार नाही. पीक पॉवर दोनने घटून या पट्ट्याची सरासरी चारने वाढत असेल तर तो सौदा करा.

१. इंधन आधी, ठिणगी नंतर. एएफआरच्या (हवा-इंधन प्रमाणाच्या) आकड्यांऐवजी लॅम्डात (प्रत्यक्ष प्रमाण भागिले आदर्श प्रमाण) काम करा. शुद्ध पेट्रोलचं आदर्श मिश्रण १४.७, ई२० चं साधारण १३.५. मीटर १४.७ वर बसवलेला असेल आणि टाकीत ई२० असेल तर आकडा वाचण्यात गफलत होते. लॅम्डा दोन्हींना तोच राहतो. टर्बो नसलेल्या इंजिनाला पूर्ण थ्रॉटलवर ०.८६ ते ०.८८ पासून सुरुवात करा, टर्बोला ०.७८ ते ०.८२. स्प्रिंटसाठी यापेक्षा लीन (इंधन कमी) चालेल. लांब धावेसाठी नाही, कारण जास्तीचं इंधन पिस्टन आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह थंड ठेवतं.

२. टायमिंग (ठिणगीची वेळ) एकेक अंशाने पुढे न्या. टॉर्क वाढणं थांबलं की तिथून दोन अंश मागे या. नॉकिंग (इंधन अवेळी पेटून होणारा ठोका) त्याआधीच ऐकू आलं तर नॉकच्या जागेपासून तीन-चार अंश मागे राहा. फक्त कानावर विसंबू नका, नॉक सेन्सरचा लॉग किंवा हेडफोन लावा. ज्या पंपाचं पेट्रोल शर्यतीत वापरणार तेच डायनोवरही वापरा. १०० ऑक्टेनवर ट्यून करून शर्यतीच्या दिवशी वाटेतल्या पंपावरून साधं भरणं म्हणजे पिस्टन गमावणं.

३. इंजिन पूर्ण लोडवर धरून ठेवा. नेहमीचा डायनो पुल दहा-बारा सेकंदांचा. अर्ध्या मैलाची धाव पंचवीस-तीस सेकंदांची. बॉनव्हिलचे पाच मैल ताशी ३०० च्या सरासरीनेही दीड मिनिटाहून जास्त घेतात. दहा सेकंदांत जे इंजिन खूश दिसतं, ते चाळिसाव्या सेकंदाला नॉक करू शकतं, कारण तोवर प्लगचं टोक, पिस्टनचा माथा आणि आत येणारी हवा तिन्ही तापलेली असतात. लोड धरू शकणाऱ्या डायनोवर ६४०० आरपीएमवर आधी १० सेकंद, मग २०, मग ४० असं वाढवा. प्रत्येक टप्प्यानंतर लॅम्डा, नॉक, कूलंट, ऑइल आणि इनटेक हवेचं तापमान पाहा. काहीही सरकत असेल तर पुढे जाऊ नका. प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर सोडणारा) घेणं इथे बहुधा योग्य ठरतं.

४. उंची आणि तापमानाची भरपाई. एमएपी सेन्सरवर (इनटेकमधला हवेचा दाब मोजणाऱ्या) चालणारा ईसीयू लोणावळ्याची विरळ हवा स्वतः ओळखतो. फक्त थ्रॉटल आणि आरपीएमवर चालणारा ओळखत नाही. त्यात बॅरोमीटर करेक्शन चालू हवं. कार्बोरेटरची गाडी मुंबईत बरोबर लागली असेल तर घाट चढल्यावर रिच (इंधन जास्त) होईल, म्हणून मेन जेट एक-दोन नंबर लहान बरोबर ठेवा. उलट प्रवास धोक्याचा असतो: वर लावलेला जेट तसाच ठेवून मुंबईत फुल थ्रॉटल दिला तर इंजिन लीन जातं.

तपासणी: डायनोचा पंखा ताशी दोनशेचा वारा देत नाही, म्हणून तिथे कूलंट थोडं जास्त तापणं स्वाभाविक आहे. ऑइलचं तापमान मात्र थांबता थांबत नसेल तर ऑइल कूलर लागणार.

## टप्पा ८: स्ट्रिपवर

लाइनवर उभं राहण्याआधी ऑइल गरम हवं, इनटेक मात्र थंड. रांगेत गाडी सुरू ठेवून बॉनेटखालची हवा तापवू नका. ढकलत पुढे न्या.

पहिली धाव लिमिटरच्या पाचशे आरपीएम अलीकडे गिअर बदलत घ्या. ही फक्त गाडी सरळ जाते का, ब्रेक खेचतो का, लॉगिंग चालू आहे का, एवढं पाहण्यासाठी. दुसरी धाव पूर्ण. लाइन ओलांडताच थ्रॉटल सोडून क्लच दाबा, इंजिन बंद करा, पण चावी पूर्ण काढू नका. स्टिअरिंग लॉक होईल आणि ब्रेकचा बूस्टही दोन-तीन दाबांतच संपतो. लांब रनवेवरच हे करा. जागा कमी असेल तर इंजिन चालू ठेवूनच थांबा आणि प्लगऐवजी लॉगवर विसंबा. बंद करून थांबवलेल्या गाडीचे प्लग शेवटच्या क्षणाची खरी हकीकत सांगतात. आयडलवर परत आणली की ती पुसली जाते. पोर्सेलिनवर चंदेरी किंवा काळे बारीक ठिपके दिसले तर नॉक झालं आहे आणि ते ॲल्युमिनियम पिस्टनचं आहे. त्या दिवशी त्या गाडीने पुढची धाव घ्यायची नाही.

प्लग ठीक असतील तर लॉगमधून घसरण काढा. लाइनवरचे आरपीएम सूत्रात घालून चाकाचा वेग काढा आणि जीपीएसच्या वेगाशी ताडून पाहा. २ टक्के धरले होते आणि ६ निघाले, तर गिअरला हात लावू नका. आधी टायरची हवा आणि मागच्या टोकाचं वजन पाहा. उत्तर शून्य किंवा उणे आलं तर वेगामुळे टायरचा घेर वाढला आहे, जुन्या धाटणीच्या बायस-प्लाय टायरमध्ये तो बराच वाढतो. मग घेराचा आकडा सुधारा.

वाराही लिहून ठेवा. ताशी १८० ला समोरून दहाचा वारा असेल तर हवेचा विरोध ११ टक्क्यांनी वाढतो. आंतरराष्ट्रीय विक्रमासाठी तासाभरात दोन्ही दिशांना धावून सरासरी घेतात ती याचसाठी. आपल्याकडे एकाच दिशेने धावायला मिळतं, त्यामुळे सकाळच्या शांत हवेतला आकडा आणि दुपारच्या वाऱ्यातला आकडा शेजारी ठेवून गिअरचा निर्णय घेऊ नका.

दोन धावांच्या मधे एकच गोष्ट बदला. लाइनवर इंजिन पीकच्या तीनशे आरपीएम खाली असेल आणि वेग अजून चढत असेल, तर पुढच्या वेळी एक पायरी शॉर्ट. लिमिटरला लागत असेल तर एक पायरी लाँग. आरपीएम पीकवर आहेत, घसरण हिशेबाइतकी आहे, तरीही वेग कमी पडतो, तर गिअर बरोबर आहे आणि विरोधाचा आकडा चुकला आहे. पुढच्या वर्षी टप्पा २ मधली न्यूट्रलची चाचणी पुन्हा करा, आणि तोवर नवीन क्राऊन-पिनियनवर पैसे घालू नका.